प्रयोगमावशी

साळवेताईंना ‘आश्चर्य’ हा शब्द फारसा आवडायचा नाही. त्यांनी काही दाखवलं आणि मुलं “आईशप्पथ!” म्हणून ओरडली, की आधी त्यांचा चेहरा खुलायचा. मग लगेच चष्मा नाकावर सरकवत त्या म्हणायच्या, “आश्चर्य कशाचं त्यात? ते आधीपासून तसंच हाय. तुम्हाला आज कळलं, एवढंच.”

सिडकोच्या मागच्या अंगाला आमची शाळा आहे, पाचवी ते दहावी. तळमजल्यावर अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून, प्रयोगशाळा. कुसुम साळवे तिथं परिचर होत्या. काचेची भांडी धुवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, विज्ञानाच्या सरांनी मागितलं ते टेबलावर मांडायचं आणि तास संपला की आवरायचं. कागदावर त्यांचं काम एवढंच होतं. विज्ञानाचे शिक्षक माझ्यादेखत चार बदलले. साळवेताई तिथंच राहिल्या. शाळेतल्या बाकीच्या सेविकांना मुलं नुसतं ‘मावशी’ म्हणायची, यांना मात्र ‘प्रयोगमावशी’. हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक. मी रुजू झाले तेव्हा ते चांगलं मुरलेलं होतं.

बुटक्या, सावळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. उजव्या अंगठ्यावर ॲसिडचा पांढरा डाग. रस्त्यानं चालताना मान खाली, त्यामुळे समोरून येणारं माणूस त्यांना दिसायचंच नाही. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, नोकरीचा तोरा आहे. तोरा कसला! त्या मुंग्यांची रांग ओलांडायला जागा शोधत असायच्या.

मी मराठी शिकवते. रुजू झाले त्याच महिन्यात आठवीच्या वर्गात वाक्प्रचार चालले होते. ‘दगडाला पाझर फुटणे म्हणजे कठोर माणसाच्या मनात दया उत्पन्न होणे,’ असं मी फळ्यावर लिहिलं. साळवेताई कुठलीशी नोटीस घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी फळा वाचला आणि नोटीस माझ्या हातात देत म्हणाल्या, “मॅडम, मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत या. तुमच्या दगडाला खराखुरा पाझर फोडून दाखवते.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. गेले. त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड काढला. बाहेरून काळा, ओबडधोबड. आतल्या पोकळीत मात्र पांढरट गुलाबी स्फटिकांचा नुसता फुलोरा. गंगापूरकडच्या एका विहिरीच्या खोदकामात निघालेला. मजूर फेकून देत होते, तो यांनी एस.टी.तून मांडीवर घेऊन आणला होता. स्फटिकाचा हरभऱ्याएवढा तुकडा त्यांनी कोरड्या परीक्षानळीत टाकला आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर आडवी केली.

“आता नळीच्या तोंडाकडं बगा.”

थोड्या वेळानं नळीच्या गार भागात धुकं धरलं. धुक्याचे बारीक थेंब झाले, थेंब एकमेकांत मिसळून काचेवरून ओघळले. मी बोट लावून पाहिलं. पाणी.

“हा दगड पाणी पोटात धरून बसलेला असतोय,” त्या म्हणाल्या. “जगात कुठं कुठं याला शोधत फिरतात लोकं, अन् आपल्याकडं विहिरीच्या ढिगाऱ्यात पडतोय. आपली जमीनच तशी. हे सगळं लाव्हा हाय, मॅडम. थंड झालेला. हे शहर, ही शाळा, तुम्ही बसलाय ती खुर्ची, सगळं लाव्ह्यावर.”

मी खुर्चीकडं पाहिलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आठवीला प्रयोगशाळेत नेलं. तेव्हापासून माझ्या वर्गातल्या मुलांना तो वाक्प्रचार समजावून सांगावा लागलेला नाही.

साळवेताई मूळच्या पाचोडच्या. वडिलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानासमोर बसून पंक्चर काढायला लागणाऱ्या पाण्याच्या घमेल्यात त्या तासन्‌तास बुडबुडे बघत बसायच्या. बारावीला विज्ञान घेतलं, पास झाल्या, कॉलेजात नाव घातलं आणि लग्न झालं. पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल मी एकदा हळहळले, तर त्या म्हणाल्या, “कॉलेजात गेले असते तर मास्तरीण झाले असते. मंग पोर्शन संपवावा लागला असता.”

घरी स्वयंपाक बेताचाच असावा. डब्यात काय आहे यापेक्षा ते आतून कसं आहे याकडं त्यांचं लक्ष. मिरची उभी चिरून बिया कुठं चिकटल्यात ते बघितल्याशिवाय खायच्या नाहीत. कुणी अंजीर दिलं तर आधी सांगायच्या, “हे फळ नाय बरं का, हा फुलांचा गुच्छ हाय. फुलं आतल्या बाजूला उमललीत.” समोरच्यानं घास थांबवला की समाधान. प्रयोगशाळेच्या खिडकीतलं एक जाळं झाडायची शिपायाला बंदी होती, कारण त्यातल्या कोळिणीनं अंड्यांची पिशवी लावली होती. रविवारी सकाळी त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना झाली, की पोरं त्यांना घेरायची. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढून त्या शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक तिथं न्यायच्या आणि नळाला चार दिवसांनी आलेल्या पाण्याचा थेंब दाखवायच्या. पोरं किंचाळायची. आया जाऊन पाणी उकळायला ठेवायच्या.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी काही ना काही येतं. अमुक पान खा, तमुक आजार पळेल. निसर्गाची दहा थक्क करणारी रहस्यं. साळवेताई त्या ग्रुपवर नव्हत्या, पण त्यातलं सगळं त्यांच्यापर्यंत पोचायचं, कारण आम्ही जाऊन विचारायचो. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर एक छोटा फळा होता. त्यावर त्यांनी तीन रकाने आखले होते: ‘पाहिलेलं’, ‘ऐकलेलं’ आणि ‘अजून माहीत नाही’. आमची रहस्यं त्या फळ्यावर जायची.

“ऑक्टोपसला तीन हृदयं असतात म्हणे, ताई. खरं का?”

“खरं असंल. पुस्तकात तसंच हाय. पण ऑक्टोपस आपल्या हर्सूलच्या तलावात नाय. म्हणून ‘ऐकलेलं’.”

“आणि गोगलगायीला हजारो दात असतात, हे?”

याला त्यांनी आठवडा घेतला. कणकेची पातळ खळ काचेवर फासून वाळवली आणि शाळेच्या बागेतली गोगलगाय तिच्यावर सोडली. काचेच्या खालून भिंगानं बघायला सातवीचा अख्खा वर्ग रांगेत. गोगलगाय पुढं सरकत होती आणि तिचं तोंड उघडझाप करत खळ किसणीसारखी खरवडत होती. मागं नागमोडी रेघ राहिली. साळवेताईंनी फळ्यावर लिहिलं: ‘गोगलगाय खरवडते – पाहिलेलं. दात हजारो – ऐकलेलं.’ अर्धं इकडं, अर्धं तिकडं. गणिताचे सर म्हणाले, “अहो, एवढं काय काटेकोर!” त्या म्हणाल्या, “सर, दात मी मोजले नाय ना.”

त्या कधी चुकत नसत असं नाही. सरडा ज्या जागी बसतो तिथला रंग घेतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं ‘पाहिलेलं’ या रकान्यात ठेवलं होतं. लहानपणी पाचोडला पाहिलंय, म्हणायच्या. सहावीतली सानिया नावाची एक मुलगी, बोलायला अतिशय बुजरी, एक दिवस फळ्यासमोर उभी राहून म्हणाली, “मावशी, वो गलत है.” मग मराठीत म्हणाली, “तो रंग बदलतो, पण जागेसारखा नाय.” तिच्या घराच्या कुंपणाला हिरवा पत्रा होता. त्यावर बसणारा सरडा ती दहा-बारा दिवस बघत होती. हिरव्या पत्र्यावर बसून त्याचं डोकं लालभडक व्हायचं. दुसरा सरडा जवळ आला की आणखी लाल. एकटा असला की पुन्हा मातकट.

साळवेताई दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सानियाच्या घरी गेल्या. कुंपणाशी स्टुलावर बसून राहिल्या. तिच्या आईनं दोनदा चहा दिला. तिसऱ्या दिवशीही गेल्या. चौथ्या दिवशी सकाळच्या परिपाठाला त्यांनी माईक मागून घेतला, जो त्यांनी आधी कधी हातात धरला नव्हता, आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या, “सरड्याचं मी इतकी वर्षं चुकीचं सांगितलं. तो भिंतीसाठी रंग बदलत नाय. दुसऱ्या सरड्याला दाखवायला बदलतोय. सानियानं बघितलं, मंग मला दाखवलं.” आणि फळ्यावर दुरुस्ती करायला खडू सानियाच्या हातात दिला.

माझ्या वडिलांनाही त्यांनी एकदा घोर संकटातून सोडवलं. अण्णा गंगापूरला असतात, शेती बघतात. तेव्हा तपासण्यांसाठी आठ दिवस आईला घेऊन माझ्याकडं आले होते. एका सकाळी ते बाथरूममधून बाहेर आले ते पांढरेफटक पडून. पलंगावर बसले आणि मला म्हणाले, “दादाला बोलावून घे. जमिनीचं बोलायचंय.” खूप खोदून विचारल्यावर कळलं, लघवी लाल झाली होती. त्यांच्या एका मित्राला असंच झालं होतं आणि तो सहा महिन्यांत गेला होता. आई रडायला लागली. मी शाळेला फोन करून रजा सांगितली. फोन ऑफिसात साळवेताईंनीच उचलला, क्लार्क आले नव्हते.

“रजा कशापायी, मॅडम?”

मी सांगितलं. रडत रडतच सांगितलं असणार.

मग प्रश्न आला, “काल काय खाल्लं त्यांनी?”

मला राग आला. इथं माणसाचं हे चाललंय आणि यांना जेवणाची पंचाईत! पण सांगितलं: पोळी, वरण, बिटाची कोशिंबीर.

“बीट किती?”

“दोन वाट्या. त्यांना आवडली म्हणून.”

“मॅडम, डोळे पुसा,” साळवेताई म्हणाल्या. “बिटाचा रंग काही माणसांच्या पोटात जिरतच नाय, तसाच खाली उतरतो. सगळ्यांचं होत नाय, काहींचंच होतं. माझ्या नणंदेचं होतं. तरी पण दवाखान्यात जावाच. लघवी तपासून घ्या, नुसतं माझ्यावर इसंबू नका. फक्त जाताना रडत जाऊ नका.”

तपासणीत रक्ताचा टिपूस नव्हता. डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. अण्णांनी दवाखान्याच्या पायरीवरच दादाला फोन लावला आणि अगदी जरबेच्या आवाजात सांगितलं की जमिनीचं काही बोलायचं नाही, येऊ नकोस. पुढं गंगापूरहून कुणी शहरात आलं की अण्णा साळवेताईंसाठी काहीतरी धाडायचे. एकदा बीटच धाडले, पोतंभर.

पण साळवेताई म्हटलं की मला तो खिचडीचा दिवस आठवतो.

शाळेत दुपारी मुलांना पोषण आहार मिळतो. व्हरांड्यात रांगेनं बसून मुलं जेवतात. स्वयंपाक गोदाबाई करायच्या, पन्नाशीच्या, विधवा, अतिशय टापटिपीच्या. त्या दिवशी पातेलं निम्म्याहून जास्त संपलं होतं. डाव तळाशी गेला आणि गोदाबाईंच्या तोंडून किंकाळी फुटली. डावात मेलेली पाल होती.

त्यांना ती गुपचूप फेकून देता आली असती. तसं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. “कुणी खाऊ नका! पोरांनो, टाका हातातलं!” त्या ओरडत सुटल्या.

पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, तरी मला नीट सांगता येत नाही. सहावीतली एक मुलगी ओकली. तिच्या शेजारची ओकली. मग रांगच्या रांग. कुणी पोट धरून रडतंय, कुणाला घेरी आलेली, कुणी “मी मरणार, मी मरणार” करतंय. मुख्याध्यापक रुग्णवाहिकेला फोन लावत होते, लागत नव्हता. आम्ही शिक्षक पाण्याच्या बाटल्या घेऊन नुसते इकडून तिकडं पळत होतो.

साळवेताई भांडी धुता धुता बाहेर आल्या, हात ओलेच. त्या पळाल्या नाहीत. रांगेच्या एका टोकाला बसल्या आणि एकेका मुलाची हनुवटी धरून विचारत पुढं सरकायला लागल्या, “तू खाल्ली का? किती?” पाचव्या की सहाव्या मुलीपाशी त्या थांबल्या आणि मला हाक मारली.

“मॅडम, ही पोरगी खिचडी खातच नाय. हिचा डबा बगा.”

मुलगी ओकून ओकून पिवळी पडली होती. तिच्या मांडीशी उघडा डबा होता, पोळी आणि बटाट्याची भाजी. पुढं आणखी एक तसाच मुलगा निघाला, त्याचा त्या दिवशी उपवास होता.

“ज्यांनी खाल्ली नाय तेसुद्धा ओकतायत,” साळवेताई हळू आवाजात म्हणाल्या. “हे पालीनं नाय, हे भ्यानं चाललंय. भ्या पण लागण होऊन पसरतं, मॅडम. पुस्तकात वाचलं होतं, बघितलं आज.”

तेवढ्यात फाटकाशी गर्दी झाली. बातमी बाहेर पोचली होती. शाळेसमोर रिक्षा लावणारे असलमभाई सगळ्यात आधी आत आले. त्यांचा मुलगा पाचवीत होता. “मेरे बच्चे कू क्या हुआ? किधर है वो?” त्यांच्या मागून आणखी पालक. कुणीतरी ओरडलं, “विष घातलं पोरांना!” दोघी-तिघी गोदाबाईंवर धावून गेल्या. एकीनं त्यांचा दंड धरला. गोदाबाई नुसत्या मान हलवत होत्या. त्यांच्या हातात डाव तसाच होता.

साळवेताई उठल्या. मुख्याध्यापकांना म्हणाल्या, “सर, तपासणीला लागंल तेवढी खिचडी डब्यात काढून झाकून ठेवा आधी.” मुख्याध्यापकांनी यंत्रासारखी काढली. मग साळवेताईंनी कट्ट्यावरची एक ताटली घेतली, गोदाबाईंच्या हातातला डाव काढून घेतला, त्यातली पाल बाजूला टाकली, त्याच पातेल्यातली खिचडी ताटलीत वाढली आणि व्हरांड्याच्या पायरीवर सगळ्यांना दिसेल अशा मांडी घालून बसल्या.

“साळवेताई, काय करताय?” मुख्याध्यापक ओरडले.

त्यांनी पहिला घास घेतला. चावला. गिळला.

“पाल इषारी नसती,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “आपण लहानपणापासून ऐकतोय, पण तिच्या अंगात इष नसतंच. अंगावर जंतू असत्यात, ते उकळत्या खिचडीत मेले. ही बगा, मी खाते. मला काय झालं तर मंग गोदाबाईला धरा.” आणि दुसरा घास घेतला.

शंभर-सव्वाशे माणसं एका बाईला जेवताना बघत होती. ओकणारी मुलंसुद्धा बघत होती, आणि बघता बघता ओकायची थांबली. गोदाबाईंचा धरलेला दंड कधी सुटला ते कुणाला कळलं नाही. साळवेताईंनी ताटली पुरी संपवली, पुसून घेतली, पाणी प्यायल्या.

“आता सगळी पोरं दवाखान्यात जाणार,” त्या म्हणाल्या. “घाबरून नाय. डॉक्टरनं बघितलं की तुमच्या आईबापाला झोप लागंल म्हणून. मी पण चालले.”

असलमभाईंनी रस्त्यावरच्या सगळ्या रिक्षा गोळा केल्या. पुढची खेप, मागची खेप, एकानंही भाडं विचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी एकेकाला तपासलं, दोघांना सलाईन लावलं, ते ओकून अशक्त झाले होते म्हणून. बाकीच्यांना लिंबू-साखरेचं पाणी. दिवस मावळायच्या आत शेवटचं मूल घरी गेलं. सगळी धडधाकट. तो निरोप मुख्याध्यापकांना फोनवर मीच सांगितला.

मी बाहेर आले तेव्हा साळवेताई दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखालच्या बाकावर बसल्या होत्या. असलमभाई त्यांना चहा आणून देत होते.

“मौसी, तुम कू डर नै लगा?” असलमभाईंनी विचारलं.

“लगा ना,” त्या म्हणाल्या. “लई लगा.”

ते गेल्यावर मी शेजारी बसले. “ताई, पाल विषारी नसते हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं ना?”

त्यांनी चहाचा कप बाकावर ठेवला. “पुस्तकात होतं, मॅडम. दोन पुस्तकात होतं. पण ते लिवणाऱ्यानं स्वतः खाल्ली होती का, ते काय लिवलेलं नव्हतं.”

“मग खाल्लीत कशाला?”

“गोदाबाईकडं बघवना,” त्या म्हणाल्या, आणि मग एकदम हसायला लागल्या. मीही. आम्ही दोघी त्या बाकावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सलाईन काढून निघालेला एक मुलगा आईचा हात धरून आमच्याकडं बघत बघत गेला.

खिचडीच्या तपासणीत काही निघालं नाही. गोदाबाईंचं काम राहिलं. साळवेताईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाच्या खोलीत स्टूल ठेवून वर पाहिलं. ट्यूबलाइट बरोबर चुलीच्या डोक्यावर होती. “उजेडाला किडे येणार, किड्यांना पाल येणार. तिची काय चूक?” इलेक्ट्रिशियनला बोलावून ट्यूब दाराजवळ हलवली, पातेल्याला झाकण बनवून घेतलं. प्रयोगशाळेतल्या फळ्यावर ‘पाल विषारी नाही’ हे वाक्य कितीतरी दिवस ‘ऐकलेलं’मध्ये होतं, ते पुसून त्यांनी ‘पाहिलेलं’मध्ये लिहिलं. गणिताच्या सरांनी शेजारी बारीक अक्षरात ‘चाखलेलं’ असा चौथा रकाना आखला. तो त्यांनी राहू दिला.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. बोलायचा आग्रह झाला तेव्हा माईक हातात घेऊन त्या एवढंच म्हणाल्या की खिडकीतल्या जाळ्याला हात लावू नका. मग भावाकडं, पाचोडला, राहायला गेल्या. यजमान आधीच वारले होते, मुलगा नोकरीला पुण्यात. महिन्या-दोन महिन्यांनी आमचं फोनवर बोलणं व्हायचं.

मग एकदा फोन लागेना. चार दिवस, पंधरा दिवस, महिना. गोदाबाईंनी कुठूनसं ऐकलं की साळवेताईंना अर्धांगवायूचा झटका आला, बोलता येत नाही. आणखी एकानं सांगितलं, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलंय. त्यांच्या भावाचा नंबर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता. दर रविवारी ‘जाऊन येऊ’ म्हणायचं आणि काहीतरी निघायचं. खरं सांगायचं तर जायची हिंमत होत नव्हती. त्या बाईला मुकी, अंथरुणाला खिळलेली बघायची माझी तयारी नव्हती.

या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला मी एस.टी.नं बीडला निघाले. गाडी पाचोडला थांबली. बाजाराचा दिवस होता, स्टँडबाहेर ही गर्दी. कंडक्टर म्हणाला, “पाच मिनटं, मावशी, लांब जाऊ नका.” मी खिडकीतून बाहेर पाहिलं. उतरावं, कुणालातरी विचारावं, साळवे कुठं राहतात, एवढं तरी. असा विचार करत होते.

आणि रस्त्याच्या पलीकडं, भाजीवाल्यांच्या रांगेच्या मागं, मोकळ्या जागेत त्या उकिडव्या बसलेल्या दिसल्या. पदर कमरेला खोचलेला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या, भाजीच्या पिशव्या बाजूला टाकून तशाच उकिडव्या. तिघी जमिनीवरच्या कशाकडं तरी टक लावून बघत होत्या. साळवेताई उजव्या हातानं काहीतरी दाखवत होत्या, बोलत होत्या, आणि डाव्या हातानं एका म्हातारीला, सावली पडते म्हणून, मागं सारत होत्या.

दोन्ही हात. दोन्ही चालत होते. तोंडही.

माझ्या छातीवर इतके महिने बसलेलं काहीतरी उठून गेलं. मी खिडकीची काच सरकवली आणि भर बाजारात, शिक्षिका आहे हे विसरून, बेंबीच्या देठापासून ओरडले, “साळवेताई!”

त्यांनी वर पाहिलं. इकडंतिकडं शोधलं. मी दिसले. चेहरा उजळला, ओळखलं, हसल्या. आणि लगेच बोट ओठांवर ठेवून, भुवया वर करून, मला गप्प राहायची खूण केली. जमिनीवरचं जे काही होतं, ते माझ्या ओरडण्यानं बिचकलं असतं.

मी गप्प बसले. त्या पुन्हा खाली वाकल्या. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी बीडच्या रस्त्याला लागली.